ट्रेलरमधलं संगीत कुणाचं?

ट्रेलर पाहताना अंगावर काटा आणणारं संगीत बहुतेक वेळा त्या चित्रपटाचं नसतं. ट्रेलर तयार होतो तेव्हा पार्श्वसंगीत पुष्कळदा लिहूनही झालेलं नसतं. मग संकलक एखाद्या जुन्या चित्रपटाचं संगीत उचलतो, नाहीतर लायब्ररी म्युझिककडे वळतो. हे संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं असतं आणि परवान्याचे पैसे भरले की कुणालाही वापरता येतं.

हा व्यवसाय जुना आहे. लंडनच्या डी वोल्फ कंपनीने १९०९ पासून मूकपटांसाठी छापील संगीत पुरवलं. पुढे चॅपेल आणि केपीएम या कंपन्यांनी नावाजलेले संगीतकार हाताशी धरले. केपीएमच्या तबकड्या दुकानात मिळत नसत. एकसारख्या हिरवट वेष्टनात त्या थेट निर्मात्यांकडे जात, आणि वेष्टनावर प्रत्येक तुकड्याचा कालावधी व दोन-चार शब्दांत त्याचा भाव छापलेला असे. पण त्या शब्दांमागे चाल असायची. जॉनी पिअर्सनची 'हेवी अॅक्शन' ही रचना बीबीसीवरच्या 'सुपरस्टार्स'चं शीर्षकसंगीत झाली, नंतर अमेरिकेतल्या 'मंडे नाइट फुटबॉल'ची ओळख बनली. पितळी वाद्यांचे पहिले चार सूर कानी पडताच ती ओळखता येते. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल'मध्ये (१९७५) घोड्याविना दौडणाऱ्या सरदारांमागे डी वोल्फचं संगीत वाजतं ते पूर्ण गांभीर्याने, म्हणून तर हसू आवरत नाही. पक्की रचना अशी भलत्या जागीही उभी राहते.

नव्या वळणाला कारण ठरली क्लिंट मॅन्सेलची 'लक्स इटर्ना'. 'रेक्विएम फॉर अ ड्रीम'मध्ये (२०००) ती क्रोनॉस क्वार्टेटने वाजवली होती. २००२ मध्ये 'द टू टॉवर्स'च्या ट्रेलरसाठी तिला पूर्ण वाद्यवृंद आणि समूहगान जोडलं गेलं. एक छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा येते, चाल पुढे सरकत नाही, फक्त आवाज आणि वाद्यं वाढत जातात. संकलकाला हे फार सोयीचं, कारण कुठेही कापा, जोड दिसत नाही. मॅन्सेलच्या हाती ती पुनरावृत्ती व्यसनाचा फास होती. पुढे तिचा साचा झाला. हळू सुरुवात, मध्ये श्वास रोखायला लावणारी शांतता, मग ढोल आणि समूहगान. तंतुवाद्यं, पितळी वाद्यं, तालवाद्यं यांचे वेगवेगळे थर पुरवले जातात. संकलक हवा तो थर काढतो, हवा तो ठेवतो. लायब्ररीच्या शोधखिडकीत 'भव्य', 'वीररस', 'उत्कंठा' असे शब्द टाकले की शेकडो तुकडे समोर येतात आणि ते एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात. माझ्या मते घसरण इथेच आहे. आधी रचना आणि मग लेबल, हा क्रम उलटला.

याला अपवाद आहेत. थॉमस बर्गरसन आणि निक फिनिक्स यांनी २००६ मध्ये 'टू स्टेप्स फ्रॉम हेल' ही ट्रेलर-संगीताची कंपनी सुरू केली. त्यांचे सुरुवातीचे अल्बम फक्त व्यवसायातल्या लोकांसाठी होते. श्रोत्यांनी ट्रेलर ऐकून नावं शोधून काढली आणि २०१० मध्ये 'इन्व्हिन्सिबल' सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. त्यातली 'हार्ट ऑफ करेज' दोन मिनिटांच्या आत संपते, तरी चाल गुणगुणता येते. श्रोत्यांना फरक कळतो, एवढं त्यातून सिद्ध झालं.

ट्रेलरचं एक वेळ ठीक, तो जाहिरातच आहे. माहितीपटाचं नुकसान मोठं आहे. 'द वर्ल्ड अॅट वॉर'साठी (१९७३) कार्ल डेव्हिसने स्वतंत्र संगीत लिहिलं. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी माहितीपटांना विजय राघव राव यांनी विषय पाहून संगीत दिलं. आता साक्षीदार बोलायला लागण्याआधीच खर्जातल्या तंतुवाद्यांची घरघर सुरू होते आणि घाबरायचं कधी ते प्रेक्षकाला आधीच सांगून टाकते. माणूस काय म्हणतो ते ऐकायची उसंतच मिळत नाही.

कमी पैशांत काम करणाऱ्या निर्मात्याला लायब्ररी म्युझिक लागणारच, त्यात कमीपणा नाही. पण रचना पूर्ण ऐकून निवडा, नुसत्या लेबलावर जाऊ नका. आणि श्रेयनामावलीत रचनेचं व संगीतकाराचं नाव द्या. वाहिनीला द्यायच्या क्यू शीटवर, म्हणजे वापरलेल्या संगीताच्या यादीवर, ती नावं लिहावी लागतातच. तीच पडद्यावरही येऊ द्या.