टक्केवारीत न सापडणारी चोरी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावयाचा. साठ टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द. १९९० साली स्थापन झालेल्या आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासही हेच माप लागू आहे. असे माप हवेच होते, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु या मापात जे उतरते तेच प्रामाणिकपण, असा समज जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थ्यांत आम्हांस आढळतो. त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

एका प्रबंधाचा मसुदा आमच्या वाचनात आला. साम्य दहा टक्क्यांहून पुष्कळ कमी. तळटीपांत पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीचे खंड व पृष्ठांक ओळीने दिलेले. विचारता कळले की, ती आवृत्ती विद्यार्थ्याने पाहिलेलीच नव्हती. पृष्ठांक एका मराठी ग्रंथाच्या टीपांतून उतरवले होते आणि त्यांतील एक मुद्रणदोषही सोबत आला होता. विवेचन इंग्रजी ग्रंथातून मराठीत आणलेले असल्यामुळे यंत्रास साम्य दिसले नाही.

विनयपिटकात चौथ्या पाराजिकाच्या प्रसंगी भगवंतांनी पाच महाचोर सांगितले आहेत. त्यांपैकी दुसरा, तथागतांनी उपदेशिलेला धम्मविनय शिकून तो स्वतःचाच म्हणून सांगणारा. पाचवा, आणि सर्वांत मोठा, आपल्या ठायी नसलेली उत्तरिमनुष्य अवस्था आपणांस प्राप्त झाली असे सांगणारा. ध्यानमार्गातील हा नियम प्रबंधास जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि त्यातील भेद उपयुक्त आहे. परक्याचे वाङ्मय आपले म्हणणे ही एक चोरी, न केलेले अध्ययन केल्याचे भासविणे ही दुसरी. टक्केवारी पहिलीचा काही अंश पकडते. दुसरी तिच्या कक्षेतच येत नाही.

त्याच शिक्षापदात एक अपवादही आहे. अधिमानाने, म्हणजे खरोखरच प्राप्ती झाली अशा समजुतीने जो बोलला, त्यास दोष नाही. सदर विद्यार्थ्याचीही अशीच प्रामाणिक समजूत होती की, टीप म्हणजे मान्यवर ग्रंथाचे नाव व पृष्ठांक; तो ग्रंथ उघडलाच पाहिजे, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. येथे उणेपणा अध्यापकांचा आहे, आणि त्यात आम्हीही आलो.

वस्तुतः पडताळणीची रीत आपल्या परंपरेस नवी नाही. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेशांचा आशय हाच की, वचन साक्षात भगवंतांकडून ऐकल्याचे कोणी सांगितले तरी ते लगेच स्वीकारू अथवा नाकारू नये. सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात आधारांच्या टीपा नव्हत्या. भदंत आनंद कौसल्यायनांनी हिंदी अनुवाद करताना मूळ आधार शोधून जोडले. आधार शोधणे म्हणजे अनादर नव्हे, हे आमच्या उपासकवर्गाने यावरून ध्यानी घ्यावे. धुळ्याचे संशोधन मंडळ ज्यांचे नाव चालवीत आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीही १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, ती मूळ कागद वाचकापुढे ठेवण्यासाठीच.

म्हणून आमची सूचना अशी : जे स्वतः पाहिले त्याचाच संदर्भ द्यावा, दुसऱ्याच्या ग्रंथावरून घेतले असल्यास 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे स्पष्ट लिहावे, निकाय, सुत्त व वापरलेली आवृत्ती नोंदवावी. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटक देवनागरीत छापले असल्याने मूळ आवाक्याबाहेरचे आहे, ही सबब आता उरलेली नाही. मौखिक परीक्षेत परीक्षकाने कोणत्याही दोन टीपा निवडून मूळ ग्रंथ समोर उघडावयास सांगावे.

सदर विद्यार्थ्याने पुढे आपल्या टीपा नव्याने लिहिल्या. त्या निम्म्याहून कमी उरल्या. मात्र उरलेल्यांपैकी प्रत्येक टीप त्याला आमच्यासमोर उघडून दाखविता आली.