जेवढं-तेवढं : दहावीचं बीजगणित आणि वीस गुणांचा शेरा



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर बीजगणितावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. मी गणित शिकवणार नाही. एखाद्या कादंबरीचं परीक्षण करावं तसं मी आज एका पाठ्यपुस्तकाचं करणार आहे. पुस्तक बालभारतीचं आहे, इयत्ता दहावी, 'गणित भाग १', २०१८ सालचं. घराघरांत असतं, पण त्याच्यावर कुणी समीक्षा लिहीत नाही.

आधी निमित्त सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाता येईल अशी तरतूद आहे. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येणार की या विद्यार्थ्याला पुढे गणित किंवा विज्ञानावर आधारलेलं शिक्षण घेता येणार नाही. नको असेल तर पुन्हा परीक्षेला बसा. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी दर्जा घसरला म्हणून गळा काढला. दोघांनीही बीजगणित म्हणजे चाळण हे गृहीत धरलं. भांडण फक्त भोकं केवढी ठेवायची याचं.

हे भांडण आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची स्वस्त, दोन वर्षांची सरकारी महाविद्यालयं असतात. नोकरी करणारे, मुलंबाळं असलेले, तिशी-चाळिशीतले लोक तिथे शिकायला येतात आणि 'इंटरमीजिएट अल्जिब्रा' नावाच्या विषयात अडकतात. त्यातला बराच भाग आपल्या नववी-दहावीचाच आहे. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी बाई त्यांची सख्खी बहीण. अँड्र्यू हॅकर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०१२ साली एका लेखात विचारलं, बीजगणित सगळ्यांना हवंच कशाला? २०१६ साली त्यांचं 'द मॅथ मिथ' हे पुस्तक आलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने विज्ञानाकडे न जाणाऱ्यांसाठी ही पूर्वअट काढून टाकली. आपल्याकडेही एके काळी 'सामान्य गणित' असा पर्याय होता. नवी पुस्तकं आली आणि तो गेला.

हॅकर यांचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. ते म्हणतात अंकगणित आणि आकडेवारी पुरे. पण सरासरीचं साधं सूत्र लिहायचं तरी अक्षर लागतं. अक्षर आलं की बीजगणित आलं.

आता पुस्तकाकडे. पहिलं प्रकरण, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. आधी चलाचा लोप करून उकल, मग आलेख, मग निश्चयक आणि क्रेमरची पद्धत, आणि प्रकरणाच्या शेवटी शाब्दिक उदाहरणं, म्हणजे उपयोजन. हा क्रम जरा पाहा. ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते सर्वांत शेवटी. क्रेमरची पद्धत सुबक आहे, गुण मिळवून देते. पण उत्तर कशाचं मिळालं हे ती विसरायला लावते.

याहून मोठा दोष वेगळाच आहे. 'दोन गुणिले एक्स अधिक तीन बरोबर अकरा' इथे एक्स ही एक ठरलेली संख्या आहे, आपल्याला माहीत नाही एवढंच. आलेख काढताना तोच एक्स फिरायला लागतो, घ्याल ती किंमत घेतो. 'ए अधिक बी, कंसाचा वर्ग' लिहिलं की अक्षर म्हणजे कोणतीही संख्या. आणि दुसऱ्या प्रकरणात वर्गसमीकरणाचं सामान्य रूप येतं : एक्सवर्गाला ए, एक्सला बी आणि शेवटी सी. तिथे ए, बी, सी माहीत नाहीत, पण शोधायचेही नाहीत! एक्स तेवढा शोधायचा. एकाच वेशातली ही चार माणसं आहेत. पोरगं विचारतं, सर, एक्स म्हणजे किती? वर्ग हसतो. खरं तर वर्गातला सर्वांत तात्त्विक प्रश्न त्याने विचारलेला असतो. चल ही गणितातली फार अवघड कल्पना आहे, असं बर्ट्रांड रसेल यांनी १९०३ साली लिहून ठेवलं आहे. पुस्तक मात्र 'मानू' म्हणतं आणि पुढे जातं.

आणि गंमत अशी की मराठी मुलाकडे चल आधीच असतो. भास्कराचार्य बाराव्या शतकात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात. दुसरं अज्ञात आलं तर कालक, तिसरं नीलक, मग पीतक, अशी रंगांची नावं. लिहिताना नुसतं या, का, नी. यावत्तावत् म्हणजे काय? जेवढं-तेवढं. आपण रोज बोलतो. 'जेवढं काम तेवढे पैसे.' 'जो येईल तो खाईल.' हा 'जो' कोण? कोणीही. तर्कशास्त्रात क्वाइन यांनी दाखवलं की चल हे मुळात सर्वनामाचंच काम करतं. हे आपल्या व्याकरणात बसलेलं आहे, चार वर्षांचं मूल ते चुकत नाही. त्याच मुलाला दहावीत आपण सांगतो की तुला अमूर्त विचार जमत नाही.

इथे मसोलीत बसून हे बोलतोय त्याला कारण आहे. याच तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं घेऊन बालशिक्षण केलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे मुलाच्या हातात आहे त्यावरून सुरुवात. ही रीत बालवाडीतच राहिली, दहावीपर्यंत पोचली नाही.

दुसरं उदाहरण १९४५ चं. तलासरी-डहाणूच्या वारल्यांचा उठाव, गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये सांगितलेला. वेठ होती, आणि मजुरी मालक ठरवेल ती. त्याविरुद्ध मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापलं की अडीच रुपये. नीट ऐका : हा दर आहे. तीनशे पौंड कापलं तर दीड रुपया. जेवढं गवत, तेवढी मजुरी. मालकाच्या मर्जीच्या जागी एक रेषीय समीकरण आलं आणि ते मागणाऱ्यांना बहुधा सहीसुद्धा करता येत नव्हती. ज्यांना या विषयाची 'गरज नाही' असं आपण ठरवतो, त्यांच्याच आजोबा-पणजोबांनी तो संपाच्या मागणीत वापरला आहे.

पुस्तकाच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. चौथं प्रकरण, 'अर्थनियोजन', मला आवडलं. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. विषय बाजारातला आहे, मुलांना बिल वाचता येतं. पण त्यातला माणूस बहुतेक करून व्यापारी नाहीतर गुंतवणूकदार. चिकूच्या वाडीत मजुरीवर जाणारी आई त्यात कुठे आहे? उक्तं घ्यावं की रोजाने जावं, किती क्रेट भरले की उक्तं परवडेल, हे दोन रेषांच्या छेदनबिंदूचं गणित आहे. ते पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर यायला हवं, आणि निश्चयक खुशाल शेवटी जाऊ दे.

म्हणून मला तो शेरा खटकतो. २० गुणांवर पुढे जाऊ द्या, माझी तक्रार नाही. नापासाचा शिक्का घेऊन पोरं शाळा सोडतात हे डहाणूत कुणाला सांगायला नको. पण सोळाव्या वर्षी कागदावर 'यापुढे गणित नाही' असं छापायचं? आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी गणित-विज्ञानासह लागते. तो मुलगा तिथे गेला तर खिडकीवरचा कारकून त्याचे गुण बघणार नाही, शेरा बघेल. आणि ज्या पुस्तकाने त्याला 'एक्स म्हणजे किती' याचं उत्तर दिलं नाही, त्याच्यावर मात्र कोणताच शेरा नाही.

इथे थांबतो. समोर दहावीला शिकवणारे दोन-तीन शिक्षक दिसताहेत. माझं काही चुकत असेल तर त्यांनी आधी बोलावं.