बारव वरून दिसत नाही

मराठवाड्यातल्या एका पडक्या मंदिराचे ‘मूळ रूप’ दाखवणारी चित्रफीत अलीकडे एकाच दिवसात तिघांनी मला फोनवर पाठवली. गाभाऱ्याच्या उघड्या डोक्यावर बघता बघता शिखर चढते, कळस झळाळतो, शंख वाजतो. शिखर मात्र तमिळ देशातल्या गोपुराच्या वळणाचे. यादवकाळातल्या आपल्या कारागिरांनी भूमिज शिखरे घडवली. त्यांची उभी पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने चढत जाणारी छोटी शिखरे, हे सगळे त्या चित्रफितीने पुसून टाकले होते. पाठवणारे तिघेही गहिवरले होते. त्या गहिवराबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्याला खोटे शिखर मिळाले, याचा राग येतो.

हरवलेली वास्तू तंत्राच्या मदतीने लोकांपुढे आणणे ही आता एक कलाच झाली आहे, तेव्हा तिची समीक्षाही कलेसारखीच व्हावी. सीरियातल्या पाल्मिराची उद्ध्वस्त कमान २०१६ मध्ये यंत्राने संगमरवरात कोरून लंडनच्या चौकात उभी केली गेली. तिला ना वाळूचा स्पर्श ना काळाचा. डोळ्यांना चष्मे बांधून फिरवणाऱ्या आभासी सफरींत पाय जागचे हलत नाहीत, आणि पाय न हलवता वास्तू कळत नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती बांधून २०१३ मध्ये केंद्र उघडले. पुढे वीज-पाण्याच्या थकबाकीत ते बंद पडले. वीज गेली की विझतो तो वारसा आपल्या जिल्ह्याच्या कामाचा नाही, एवढे त्यातून शिकायला हरकत नव्हती.

मला बोलायचे आहे ते वालूरबद्दल. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातली ही चक्राकार बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, गाळाने भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरच्या बारवांची नोंद नकाशावर आणली, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लागू लागले. अलीकडच्या काळातले हे सर्वांत चांगले डिजिटल काम, असे मी म्हणेन. कारण त्यातला नकाशा माणसाला बारवेच्या काठापर्यंत चालत नेतो. पण वालूर जगाला माहीत झाली ती ड्रोनने वरून टिपलेल्या छायाचित्रामुळे. पायऱ्यांचा सुंदर भोवरा, मधोमध काळे पाणी. ते चित्र मीही भिंतीवर लावले आहे. तरीही सांगतो, ती बारव वरून दिसत नाही. ज्याने ती बांधली त्याने ती आकाशातून पाहिली नव्हती. घागर घेऊन उतरणाऱ्या बाईचे पाऊल कुठे पडेल, वळताना खांदा कुठे टेकेल, याचा त्याने विचार केला होता.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक जन्मांध आहेत. त्यांच्यासोबत मी वालूरला उतरलो. वाटेत मी त्यांना ‘भोवऱ्यासारखी बारव’ असे वर्णन करून ठेवले होते. काही पायऱ्या उतरल्यावर, माझ्या खांद्यावरचा हात न काढता, ते म्हणाले, “भोवरा नाही हो. जात्याचा खुंटा धरून फिरल्यावानी वाटायलंय.” खाली गेलो तसा गारवा वाढला, आमचा आवाज घुमू लागला, आणि त्यांनी टाळी वाजवून तळ किती उरला ते अजमावले. भिंतीवरच्या चित्राने मला यातले काहीही सांगितले नव्हते.

तेव्हापासून या क्षेत्रातल्या प्रत्येक नव्या कामाला मी एकच प्रश्न विचारतो: हाताला काय लागले? इटलीत आंकोना येथे अल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या हट्टातून १९९३ मध्ये ओमेरो संग्रहालय उभे राहिले. तिथे पार्थेनॉन आणि पँथिऑनच्या प्रतिकृतींवरून कोणीही हात फिरवावा, हाच नियम आहे. जर्मनीत एगबर्ट ब्रोअरकेन या शिल्पकाराने शहरांच्या कांस्य प्रतिकृती ब्रेल अक्षरांसह भर चौकात बसवल्या. त्यांना तिकीट नाही, वीज नाही, पाऊस चालतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडले, ते स्वागतार्हच. पण परभणीहून दिल्ली लांब आहे, आणि दालनात मूर्ती आल्या तरी वास्तू येत नाही.

वास्तू हातात आणणे अवघड आहे, हे मान्य. डोळा आधी सगळे पाहतो, मग तपशिलाकडे वळतो. हाताचे उलटे असते, तो तपशील गोळा करत करत आकार जोडतो. म्हणून एकच प्रतिकृती पुरत नाही. एक दोन हातांच्या कवेत मावणारी, संपूर्ण वास्तूची. दुसरी मोठ्या मापाची, एखाद्याच कोपऱ्याची. तिसरी मंदिराच्या भिंतीवरच्या एखाद्या सुरसुंदरीच्या पैंजणाची, अगदी मूळ मापात, कारण लहान प्रतिकृतीत पैंजण नाहीसे होते. बारवेची प्रतिकृती तर मधोमध उघडणारी हवी, बोटे आत उतरली पाहिजेत. यासाठी लागणारे तंत्र आज गावातल्या पोरांच्या खिशात आहे. दगडाशेजारी मोजपट्टी ठेवून, सगळ्या बाजूंनी, एकावर एक येतील अशी शेकडो छायाचित्रे घ्यायची. संगणक त्यांतले समान बिंदू जुळवून त्रिमितीय आकार बांधतो. त्यावरून छापील नमुना, नमुन्यावरून साचा. पुढचे काम पाथरवटाचे आणि ओतारी-पांचाळांचे. ते प्लास्टिकमध्ये थांबू नये. वालूरची बारव काळ्या दगडातच हाताला लागली पाहिजे.

आता याच जिल्ह्यातल्या चारठाण्याकडे येतो. गावाला तीनशेसाठ देवळांची आख्यायिका आहे. आज गोकुळेश्वर आहे, उखळेश्वर आहे, एक उंच स्तंभ आहे, बारव आहे, आणि घरांच्या जोत्यांत, ओट्यांत बसलेले कोरीव दगड आहेत. नाहीशा झालेल्या देवळांचे काय करायचे? चित्रफीतवाले ती रचून देतील. मी म्हणतो, रचू नका. देगलूरकर आणि प्रभाकर देव या अभ्यासकांनी मराठवाड्यातल्या मंदिरांवर जे काम केले, त्यात पुरावा संपला तिथे वाक्यही संपते. संगणकावर वारसा उभा करणाऱ्यांसाठी २००६ मध्ये लंडन सनद तयार झाली. खात्रीचे काय आणि तर्काचे काय हे प्रेक्षकाला वेगळे कळले पाहिजे, असे ती बजावते. पडद्यावर हा फरक दाखवायचा तर तळटीप लागते, ती कोणी वाचत नाही. हाताला तो एका क्षणात कळतो. प्रतिकृतीत खात्रीचा भाग घोटून गुळगुळीत करा, तर्काचा भाग टाकीच्या खुणांसह खडबडीत ठेवा, आणि जिथे तर्कही चालत नाही तिथे पोकळी सोडा. त्या पोकळीत बोट गेले की तीनशेसाठातले किती गेले ते कळेल.

‘किती अंध लोक मंदिरे बघायला येतात?’ असे मला विचारले गेले आहे. या प्रश्नाचा मला संताप येतो. येण्यासारखे आपण ठेवले काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २९ वे कलम कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणायला सांगते. ते आपल्या पुरातत्त्वाच्या फलकांपर्यंत पोहोचलेले नाही. शिवाय हा प्रश्न फक्त अंधांचा नाही. गुडघे गेलेल्या म्हातारीला बारव उतरता येत नाही. आपल्याच ओट्यातला दगड कुठल्या देवळाच्या जंघेचा, म्हणजे भिंतीचा, हे चारठाण्याच्या मुलाला ठाऊक नसते. डोळे असून या सगळ्यांना ती वास्तू परकी आहे.

आणि धारासूर. गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या गुप्तेश्वर मंदिराचे दगड उतरवून ते पुन्हा उभारायचे, असा निर्णय झाला. नागार्जुनकोंड्याचे अवशेष धरणाच्या पाण्याआधी हलवले गेले, तेव्हा आजचे तंत्र हाती नव्हते; आता प्रत्येक दगडाचा त्रिमितीय आलेख घेता येतो, आणि तो घेतला तर धारासूरच्या शाळेतही त्याची प्रत राहिली पाहिजे. पण मला त्याहून निकडीचे दुसरेच काही वाटते. जे शिल्प उभ्या भिंतीवर हाताच्या वर असते, ते उतरवल्यावर जमिनीवर येते. सुरसुंदरीचा चेहरा मुलाच्या छातीच्या उंचीवर येतो. पुन्हा रचल्यावर तो वर जाईल आणि पुढची काही शतके तिथेच राहील. ज्या दिवसांत ते दगड खाली असतील, त्या दिवसांत अंध मुलांच्या शाळांना धारासूरला बोलवा. हात स्वच्छ धुऊन, अभियंत्यांच्या देखरेखीखाली, एकेका मुलाला एकेका दगडापाशी बसू द्या. त्यासाठी ना निविदा लागते ना यंत्र. दगडांवर क्रमांक घालणाऱ्या माणसाने त्या मुलांना तो क्रमांक वाचून दाखवावा आणि हा दगड कुठे बसणार ते सांगावे, म्हणजे मंदिर उभे राहिल्यावर वर कोणता चेहरा आहे हे त्यांना ठाऊक असेल.