सिंहाला नाव, माणसाला नाही

मी केनिया पाहिलेला नाही, टांझानियाही नाही. पण त्या देशांवरील मराठी प्रवासलेख गेली अनेक वर्षे दिवाळी अंकांतून वाचत आलो आहे. रिद्धपूरसारख्या गावी बसून त्यांच्यावर लिहिण्याचा अधिकार मला काय, असे कुणी विचारील. या लेखनाचा मी वाचक आहे, आणि ज्यांच्याकडे आजवर इतरांनी पाहिले त्या माणसांपैकी एक आहे, एवढाच माझा अधिकार.

या लेखांचा साचा ठरलेला आहे. नैरोबीला उतरायचे, मसाई मारात सिंह पाहायचे, सेरेंगेटीत विल्डबीस्टचे स्थलांतर पाहायचे. मग शेवटी दीड पान 'संस्कृती'. त्यात मसाई वस्ती, लाल वस्त्रे, उंच उड्यांचा नाच आणि मण्यांच्या माळांची घासाघीस. असा एक लेख मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवला. मेळघाटातून शिकायला आलेला एक कोरकू मुलगा म्हणाला, "सर, सिंहाचं नाव लिहिलं हाय. नाचणाऱ्या माणसाचं नाव नाही लिहिलं का जी?"

त्या प्रश्नाने लेखाची सारी समीक्षा केली. जो वाहनचालक प्रत्येक पाऊलखूण ओळखतो, तो या लेखांत केवळ 'आमचा ड्रायव्हर' असतो. नाचणारा 'एक मसाई' असतो. पांढरपेशा लेखकाच्या लेखी माणूस हा निसर्गदृश्याचा भाग होतो. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या माणसाला नावाऐवजी जातीने हाक मारीत. ही दृष्टी विमानात बसल्याने बदलत नाही.

जे लेखकाला दिसत नाही, तेही पाहिले पाहिजे. सेरेंगेटी 'निर्मनुष्य' आहे, असे कौतुकाने लिहिले जाते. ती निर्मनुष्य केली गेली आहे. 1959 साली तेथील मसाईंना आपली कुरणे सोडून न्गोरोंगोरोकडे जावे लागले. 2022 साली लोलिओंडोत पुन्हा जमिनीच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा विरोध करणाऱ्या मसाईंवर बळाचा वापर झाला. सावोच्या नरभक्षक सिंहांची 1898 सालची गोष्ट आपले लेखक रंगवून सांगतात. पण ज्या रेल्वेच्या कामावर ते सिंह आले, ती मोंबासापासूनची रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले होते आणि त्यांतील सुमारे 2,500 मेले, हे सांगत नाहीत. बहुतेक सारे सिंहाविना मेले, म्हणून त्यांची गोष्ट होत नाही!

आणि हे सारे दूरचे आहे काय? आमच्याच अमरावती जिल्ह्यात 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ जगला पाहिजे, याविषयी माझा वाद नाही. परंतु बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे उठली, त्याचे प्रवासवर्णन कोणी लिहिले? तोच मुलगा मला म्हणाला, "आमच्या गावच्या पोरीबी पाहुण्यांपुढं नाचते जी." तेव्हा मसाई वस्तीतला नाच मला परका राहिला नाही.

दोष केवळ प्रस्थापितांना देऊन भागणार नाही. 1972 साली दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून. तेथील काळ्या साहित्याशी आपण नाते जोडले, ते योग्यच झाले. पण पूर्व आफ्रिका आपण पर्यटकांसाठी सोडून दिली. न्गुगी वा थिओंगो हा केनियाचा लेखक गिकुयू भाषेतील नाटकामुळे 1977 च्या अखेरीस खटल्याविना तुरुंगात गेला. कामिटीच्या त्या तुरुंगात शौचाच्या कागदावर त्याने गिकुयूत कादंबरी लिहिली. 2025 साली तो वारला. सफारीला जाणारा मराठी लेखक नैरोबीला उतरतो, पण त्याला या तुरुंगाची आठवण होत नाही. आपल्यापैकी तरी किती जणांना होते?

आमच्या गावाला मराठी गद्याचे तीर्थ म्हणतात. आता येथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिले, ते गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले त्यांना विचारून. त्यात गावांची नावे आहेत, साध्या बायाबापड्यांची नावे आहेत. गोविंदप्रभू येथे अस्पृश्यांच्या घरी जात. त्याने गावकूस पडले नाही, हे मी विसरत नाही. तरीही प्रवासाचा आणि लेखनाचा एक निकष येथेच घालून दिलेला आहे: माणसाच्या दाराशी जा, त्याला विचारा, त्याचे नाव लिहा.

मराठी लेखकाने आफ्रिकेत जरूर जावे. सिंहही पाहावा. परंतु परत येताना किमान एका माणसाचे नाव आणि त्याची जमीन कोणी घेतली याची हकीकत घेऊन यावे. तोवर त्या कोरकू मुलाचा प्रश्न मराठी प्रवासवर्णनापुढे उभाच राहील.