पापणी ओढून काय कळते?

शाळेत आरोग्य-तपासणी असली की मुलांची रांग लागते. तपासणारा खालची पापणी बोटाने ओढतो, जीभ दाखवायला सांगतो, नखे पाहतो आणि नोंदवहीत 'फिकट' किंवा 'ठीक' लिहून पुढच्या मुलाला बोलावतो. आर्वी तालुक्यातले रोहणे असो की मुंबई, पद्धत हीच. 'ठीक' म्हणून पुढे गेलेल्या मुलीचे रक्त खरोखर ठीक होते का, हे सहसा कोणी विचारत नाही. वर्धा जिल्ह्यातल्याच एका संस्थेने ते विचारले. त्या शोधनिबंधाची ही समीक्षा.

संस्था सेवाग्रामची, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. डॉ. सुशीला नायर यांनी ती १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी स्थापन केली. विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन राहायचे, नेमून दिलेल्या कुटुंबांची प्रकृती पाहायची, हा तिथल्या शिक्षणाचाच भाग. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत सुगीच्या वेळी घराघरातून ज्वारी गोळा करून तिच्यावर आजारपणाचा विमा चालवला गेला. (विम्याचा हप्ता धान्यात मोजता येतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे.) कलंत्री, करंबेळकर, जोशी आणि जाजू यांचा हा निबंध 'प्लॉस वन' या नियतकालिकात २०१० साली आला. तो कोणालाही फुकट वाचता येतो.

मे २००७ मध्ये रुग्णालयात आलेल्या, बारा वर्षांवरील ३९० रुग्णांची पापणी, जीभ, तळवे आणि नखांचा तळ तपासला गेला. हिमोग्लोबिन यंत्राने वेगळे मोजले. डोळ्याने पाहणाऱ्याला यंत्राचा आकडा ठाऊक नव्हता, हे महत्त्वाचे; एरवी माणूस उत्तर पाहून गणित सोडवतो. रुग्णांपैकी ६४ टक्क्यांचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली होते आणि ८ टक्क्यांचे ७ च्या खाली, म्हणजे गंभीर रक्तक्षय. सगळ्या जागांत जीभ सरस ठरली. जीभ फारच फिकी दिसण्याचे प्रमाण गंभीर रक्तक्षय असलेल्यांत इतरांच्या ९.८७ पट होते.

हा आकडा भरघोस वाटतो. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी तो वापरून पाहावा. मुळात ८ जणांना गंभीर रक्तक्षय आणि ९२ जणांना नाही, हे गुणोत्तर सुमारे ०.०८७. त्याला ९.८७ ने गुणले की ०.८६ येते, म्हणजे शक्यता ४६ टक्के. जीभ अगदी पांढरीफटक दिसली तरी निम्म्याहून थोड्या कमीच रुग्णांना गंभीर रक्तक्षय असणार. शिवाय ९.८७ ला निबंधानेच २.८१ ते ३४.६ अशी विश्वासमर्यादा दिली आहे. हेच गणित पुन्हा केले तर शक्यता २० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. इतका पसारा का? ३९० चे ८ टक्के म्हणजे जेमतेम ३१ रुग्ण, म्हणून.

लेखकांचा निष्कर्ष असा, की फिकेपणा नसेल तर गंभीर रक्तक्षय नाही असे म्हणता येते. कारण जीभ फिकी नसताना गंभीर रक्तक्षय निघाला, असे एकदाही घडले नाही. इथे मला थांबावेसे वाटते. समजा, वीसांतला एक रुग्ण प्रत्यक्षात निसटतो. तरीही ३१ जणांत एकही न निसटण्याची शक्यता ०.९५ चा ३१ वा घात, म्हणजे सुमारे २० टक्के असते. शून्य दिसले म्हणून शून्यच आहे असे होत नाही.

आणखी मोठी अडचण निबंधाच्या पोटातच आहे. १२८ रुग्णांना दोघांनी स्वतंत्रपणे तपासले. दोघांचे मत किती जुळले हे 'कप्पा' या मापाने सांगतात. समजा दोन शिक्षकांनी नाणे उडवून शंभर मुलांना 'फिकट' वा 'ठीक' ठरवले, तर पन्नासांबद्दल त्यांचे आपोआप जुळेल. प्रत्यक्षात साठांबद्दल जुळले, तर वरचे १० भागिले उरलेले ५०, म्हणजे कप्पा ०.२०. पूर्ण जुळले तर १. सेवाग्रामला जिभेसाठी कप्पा ०.२० आला आणि पापणीसाठी ०.०७! कप्पा हे माप थोडे नाजूक आहे, जवळजवळ सगळेच एका गटात पडले तर ते उगीच खाली येते, हे खरे. तरी ०.०७ फार कमी. दोन प्रशिक्षित डोळ्यांचे जुळत नसेल, तर निबंधातली अचूकता कोणाच्या डोळ्याची? हे विधान निष्कर्षात पहिल्या ओळीत हवे होते.

असे असूनही मी या निबंधाला मोठे मानतो. आपल्याच रोजच्या सवयीला परीक्षेला बसवणे आणि नापास झाल्यावर गुणपत्रिका छापणे, हे कमी जण करतात. यंत्रे वाढवली की संशोधन वाढते असे समजणाऱ्यांनी तर तो जरूर वाचावा. इथे मुख्य साधन एक बोट आणि उजेड.

तक्रार आहे ती जागेची. निबंधाच्या शीर्षकातच तो रुग्णालयातला असल्याचे प्रामाणिकपणे म्हटले आहे. रुग्णांचे सरासरी वय ४० होते. पापणी ओढून पाहण्यावाचून ज्यांना इलाज नाही ती आशा ताई, नर्सबाई आणि शिक्षक मात्र रोहण्यात आहेत, आणि त्यांच्यासमोर तेरा वर्षांच्या मुली आहेत. ज्या संस्थेने ज्वारीचा हिशेब घरोघर जाऊन मांडला, तिला हाच प्रयोग गावातल्या शाळेत करणे अवघड नव्हते. विदर्भात सिकलसेलचेही रुग्ण आहेत. तिथे फिकेपणाचे कारण लोहाची उणीव नसून वेगळेच असू शकते. २०१३ पासून शाळांतून दर आठवड्याला वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीने ते कारण जात नाही. असा प्रयोग झाल्याशिवाय वहीतल्या 'ठीक' या शब्दाला किती मोल द्यायचे, हे त्या शिक्षकाला या निबंधावरून ठरवता येत नाही.