परवाचा वार

फराळाला मंडळी जमली की कोणीतरी हे कोडे घालतोच : वारांची नावे न घेता लागोपाठ तीन दिवस सांगा. मोठी माणसे सोमवार-मंगळवारात अडकून पडतात आणि एखादे पोर ओरडते, ‘काल, आज, उद्या!’

कोडे इंग्रजीतही आहे. तिथे ते शोभते, कारण या तीन दिवसांपलीकडे इंग्रजाला शब्दांची रांग लावावी लागते. हिंदीत ‘कल, आज, कल’ असे उत्तर येते, त्याची मौज वेगळी. पण मराठीत तीनच दिवस मागणे म्हणजे घरात धान्य असून उसने मागण्यासारखे आहे. म्हणून पाहा : तेरवा, परवा, काल, आज, उद्या, परवा, तेरवा. अख्खा आठवडा भरला, वाराचे नाव नाही आणि शब्द पाचच! (सात दिवसांना आपण आठवडा का म्हणतो, हे बाजारकऱ्याला विचारावे. तो या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत दोन्ही टोके मोजतो.)

या दुतोंडी ‘परवा’ने मला मात्र चांगलेच फसवले. वर्गात मी फळ्यावर लिहिले : ‘परवाच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार, तर आज कोणता वार?’ माझे उत्तर ठरलेले होते. परवा बुधवार, काल गुरुवार, म्हणून आज शुक्रवार. एका मुलीने सोमवार लिहिले. मी तांबडी रेघ ओढली. ती काही बोलली नाही.

संध्याकाळी घरात कानावर आले, ‘पाहुणे परवा यायचेत.’ हातातला चहा तसाच राहिला. आज सोमवार असेल तर परवा बुधवारच की! त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार. मुलीचे उत्तर माझ्याइतकेच बरोबर होते.

दोष माझ्या वाक्याचा होता. बोलताना ‘परवा’ कधी घोटाळा करीत नाही, कारण क्रियापद त्याचा हात धरून असते. परवा आला, परवा येईल. ‘गुरुवार होता’ म्हटले की शुक्रवार, ‘गुरुवार येईल’ म्हटले की सोमवार. कोडे आटोपशीर दिसावे म्हणून मी नेमके तेच क्रियापद गाळले होते. कोडे घालणाऱ्याने लपवावे जरूर. पण आपण काय लपवले आहे, हे निदान त्याला तरी ठाऊक हवे. आता मला वाटते, क्रियापदाविना हे कोडे अधिक सुंदर आहे, मात्र उत्तरे दोन मागावीत.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागवली, रेघ खोडली, गुण दिले. तिने वही निरखून पाहिली आणि विचारले, ‘‘गुरुजी, मग शुक्रवारवाल्यांचे गुण कापणार का?’’