गांवची हिरवळ आणि तिचे राखणदार

कलावंताच्या लौकिकाचा सर्वांत मोठा जाच त्याच्याच एखाद्या शांत कृतीला सोसावा लागतो. ज्या गुणांमुळें त्याचें नांव झालें, तेच गुण रसिक प्रत्येक नव्या कृतींत शोधीत राहतो. ते न आढळल्यास तेथें दुसरें कांहीं आहे कीं काय, हें पाहण्यास तो थांबत नाहीं. अशी कृति मग अनेक वर्षें कोपऱ्यांत पडून राहते आणि एकेक श्रोता तिच्यापर्यंत स्वतःच्या पायांनीं चालत येतो.

इंग्लंडमधील ‘दि किंक्स’ या प्रख्यात रॉक वाद्यवृंदाची ‘दि किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ही ध्वनिमुद्रिका याचें ठळक उदाहरण होय. १९६४ सालीं ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यानें हा वृंद ब्रिटनमधील लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या स्थानीं जाऊन बसला. खरखरीत गिटार, ठोकून बसविलेला ठेका आणि तरुण कंठांतील हट्ट ही त्या गाण्याची खूण होती. त्यानंतर २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं ही पंधरा गाण्यांची मुद्रिका निघाली, तेव्हां तिच्याकडे फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं. त्याच दिवशीं बीटल्स यांची पांढऱ्या वेष्टनाची जोडमुद्रिका बाजारांत आली होती. शिवाय अमेरिकेंतील वादकांच्या संघानें १९६५ पासून १९६९ पर्यंत किंक्सना तेथें कार्यक्रम करूं दिले नव्हते. त्यामुळें तिकडची वाटहि जवळजवळ बंदच होती. दोन्ही देशांच्या खपाच्या याद्यांत या मुद्रिकेला स्थान मिळालें नाहीं. परंतु हीं झालीं बाहेरचीं कारणें. खरें कारण तिच्या स्वभावांत आहे, आणि तेंच तिच्या गोडीचेंहि कारण आहे.

नांवापासून आरंभ करूं. इंग्लंडमधील पुष्कळ जुन्या खेड्यांच्या मध्यभागीं सर्वांनीं वापरावयाची एक मोकळी हिरवळ असते. मुलें तेथें क्रिकेट खेळतात, जत्रा भरतात, म्हातारीं माणसें बाकांवर बसून राहतात. अशा मोकळ्या जागा राखण्यासाठीं त्या देशांत १८६५ सालींच एक संस्था स्थापन झाली होती. तेव्हां या गीतांचे कर्ते रे डेव्हिस यांनीं आपल्या रॉक वृंदाला ‘हिरवळ-संरक्षक मंडळी’ म्हणवून घ्यावें, यांत विनोद आहेच. पहिल्याच गाण्यांत ही मंडळी आपण काय काय जपणार याची यादी वाचून दाखविते: चिनी मातीचे पेले, स्ट्रॉबेरीचा मुरंबा, लहान दुकानें, शेरलॉक होम्स, डोनल्ड डक. श्रोता प्रथम हंसतो. मग त्याच्या ध्यानांत येतें कीं, यांत खेड्यांतलें असें फारच थोडें आहे. होम्स लंडनचा आणि पुस्तकांतला. डक अमेरिकेचा आणि चित्रपटांतला. डेव्हिस स्वतः उत्तर लंडनच्या उपनगरांत वाढलेले. ही हिरवळ नकाशावर सांपडावयाची नाहीं. ती त्यांच्या बाळपणाच्या सामानानें भरलेली एक मनांतली जागा आहे.

येथवर येऊन कोणी म्हणेल, हें तर केवळ स्मरणरंजन! जुनें तें सारें सोनें, असें म्हणून उसासे टाकणें सोपें असतें. परंतु दुसरेंच गाणें ‘डू यू रिमेंबर वॉल्टर’ हा आक्षेप पार निष्प्रभ करून टाकतें. त्यांत गायक एका बाळमित्राला उद्देशून बोलतो. दोघे मिळून खेळले, चोरून सिगारेट ओढली, नाव विकत घेऊन समुद्रावर जाण्याचे बेत केले. आतां तो वॉल्टर लठ्ठ झाला असेल, संसारांत पडला असेल आणि रात्रीं साडेआठ वाजतांच निजत असेल! सूक्ष्मपणें पाहतां येथें भेट झालेलीच नाहीं. गायक नुसता तर्क करीत आहे. त्याची भीति अशी कीं, भेट झाल्यास बोलावयास कांहीं उरणार नाहीं. माणसें बदलतात, स्मृति तेवढी राहते, या निष्कर्षावर तो येतो. पण त्या निष्कर्षांत समाधान किती आणि पराभव किती, हें तो सांगत नाहीं. मित्र गमावून मित्राची आठवण जपणें हा व्यवहार फायद्याचा कीं तोट्याचा, हा या साऱ्या मुद्रिकेचा प्रश्न आहे.

तो पुढें निरनिराळ्या रूपांनीं येतो. ‘व्हिलेज ग्रीन’ या गाण्यांतील तरुण कीर्तीच्या मागें लागून गांव सोडतो. मागें राहिलेली डेझी वाण्याच्या मुलाशीं लग्न करते, आणि गांवचीं जुनीं घरें पाहण्यास आलेले अमेरिकन प्रवासी छायाचित्रें काढीत हिंडतात. गांव जपलें गेलें खरें, पण प्रेक्षणीय वस्तु म्हणून. ‘लास्ट ऑफ द स्टीम पॉवर्ड ट्रेन्स’ हें गाणें वाफेच्या शेवटच्या आगगाडीच्या तोंडीं घातलें आहे. ब्रिटिश रेल्वेनें मुख्य मार्गांवरील वाफेच्या प्रवासी गाड्या १९६८ च्या ऑगस्टमध्येंच बंद केल्या होत्या. ही गाडी मोठ्या तोऱ्यानें बोलते. परंतु तिचा मुक्काम आतां पदार्थसंग्रहालयांत आहे. शिवाय चाल बेतली आहे ती हाउलिन वुल्फ या अमेरिकन ब्लूज गायकाच्या ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ या गीताच्या धाटणीवर. याच ब्लूजच्या जोरावर किंक्स आणि त्यांचे समकालीन वर आले होते. म्हणजे गाडीच्या निमित्तानें हा वृंद आपल्याच आडदांड तारुण्याला निरोप देत आहे.

छायाचित्रांवर तर येथें दोन गाणीं आहेत. ‘पिक्चर बुक’मध्यें कुटुंबाचा चित्रसंग्रह उघडतो, आणि कोणे एके काळीं आपण एकमेकांवर प्रेम केलें याचा तो पुरावा ठरतो. शेवटच्या गाण्यांत माणसें एकमेकांचीं छायाचित्रें काढतात तीं आपण खरोखर होतों हें सिद्ध करण्यासाठीं. आणि अखेरीस गायक काकुळतीनें सांगतो कीं, आतां पुरे, आणखी दाखवूं नका. आरंभीं सर्व कांहीं जपण्याची प्रतिज्ञा आणि अंतीं जपलेलें पाहवत नाहीं ही कबुली! या दोन टोकांमध्यें चाळीस मिनिटांहून थोडें कमी अंतर आहे. हा प्रवास ध्यानांत आला म्हणजे सुटीं वाटणारीं गाणीं एका सूत्रांत ओंवलेलीं दिसूं लागतात.

पण तो सहजासहजीं ध्यानांत येत नाहीं, कारण येथील संगीत कोठेंच हात धरून ओढीत नाहीं. डेव्हिस बोलल्यासारखे, किंचित् दबलेल्या आवाजांत गातात. चाली बहुधा हंसऱ्या, डोलणाऱ्या. दुःख शब्दांत असतें, आणि चाल जणूं तें पाहुण्यांसमोर लपवीत असते. घरांत कांहीं बिनसलें असतां यजमानीण हंसतमुखानें चहा पुढें करते, तशांतलाच हा प्रकार. असा करुण रस दुसऱ्या-तिसऱ्या श्रवणापूर्वीं झिरपत नाहीं. डेव्हिस यांचा कान मात्र असल्या दूरच्या, हळुवार सुरांचा पूर्वींपासूनच भुकेला होता. १९६५ सालीं प्रवासांत मुंबईस मुक्काम असतां पहांटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचें गाणें त्यांनीं ऐकलें, आणि त्यांतून आपल्याला ‘सी माय फ्रेंड्स’ हें गीत सुचलें, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. तेंहि गीत हरवलेल्या सोबतीचेंच आहे.

मुद्रिका निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ‘मोनिका’ हें गीत वरवरचें आहे. धाकटे बंधु डेव्ह यांनीं गाइलेलें ‘विकेड ॲनाबेला’ आपल्या जागीं झणझणीत असलें तरी या मंडळींत परक्यासारखें उभें राहतें. ध्वनिमुद्रणहि ठिकठिकाणीं पातळ आहे. तथापि जी विरक्ति साधण्यास कवीला सामान्यतः पन्नाशी गांठावी लागते, ती चोवीस वर्षांच्या तरुणानें साधावी, आणि तीहि ज्या वर्षीं त्याच्या पिढीला उद्यांखेरीज कांहीं दिसत नव्हतें त्या वर्षीं, यांत या कृतीचें खरें धैर्य आहे.

काळानें तिला उशिरां न्याय दिला. पुढील पिढ्यांच्या गायकांनीं आणि टीकाकारांनीं तिला उचलून धरलें, आणि पन्नास वर्षांनीं, २०१८ सालीं, ब्रिटनमध्यें तिच्या खपाबद्दल सुवर्णपदवी मिळाली. जपून ठेवण्याच्या व्यर्थतेचें गाणें अखेर असंख्य लोकांनीं जपून ठेवलें, हा योग डेव्हिस यांच्या विनोदबुद्धीला साजेसाच म्हणावा लागेल. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या कपाटांत कुटुंबाच्या छायाचित्रांचा एखादा जुना संग्रह आहे, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाहीं. त्यांनीं ही मुद्रिका एकदां ऐकून बाजूस ठेवूं नये, एवढीच आमची सूचना आहे.